पुस्तक मान्य, मध्यस्थ नको

१८८५ सालच्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमहून वाँटेज गावच्या मठाकडे एक लांबलचक पत्र गेले. लिहिणाऱ्या होत्या सत्तावीस वर्षांच्या पंडिता रमाबाई. पत्र होते सिस्टर जेराल्डिन यांना. रमाबाईंची चिमुकली मनोरमा याच सिस्टरांच्या मायेत वाढत होती आणि रमाबाई त्यांना प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. बाप्तिस्मा घेऊन दोन वर्षेही झाली नव्हती, आणि या नव्या ख्रिस्ती बाईने आपल्या धर्ममातेला ठामपणे कळवले होते की हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाचे जोखड आपण महाप्रयासाने मानेवरून उतरवले आहे. आता चर्चच्या धर्माधिकाऱ्यांचे तसलेच दुसरे जोखड आपण मानेवर घेणार नाही. ख्रिस्त मान्य, देवाचे वचन मान्य. पण त्या वचनाच्या नावाने माणसे जे जे सांगतील ते सारे देवाची आज्ञा म्हणून मान्य करणे आपल्याला जमणार नाही.

ख्रिस्ती धर्मात पवित्र शास्त्राचा अधिकार म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला या वादासारखे दुसरे उदाहरण दिसत नाही. बायबल प्रमाण आहे हे दोन्ही बाजूंना मान्य होते. प्रश्न होता तो पुढचा. एखाद्या वचनाचा अर्थ काय हे कोण ठरवणार, आणि ज्याला तो अर्थ पटत नाही त्याने काय करायचे?

हा प्रश्न रमाबाईंच्या आधी पंधराशे वर्षे चालत आलेला होता. बायबल हा ग्रंथांचा संग्रह आहे. प्रोटेस्टंटांच्या बायबलात ६६ पुस्तके, कॅथलिकांच्या ७३, आणि इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या परंपरेत ८१. नव्या करारात आज जी २७ पुस्तके आहेत, नेमकी तेवढीच असलेली पहिली यादी आपल्याला मिळते ती अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस यांनी इ. स. ३६७ मध्ये ईस्टरच्या निमित्ताने लिहिलेल्या पत्रात. म्हणजे येशूनंतर तीनशेहून अधिक वर्षांनी. तोवर कुठल्या मंडळीत एखादे पत्र वाचले जाई, दुसरीकडे ते बाजूला ठेवले जाई. कॅथलिक विचारवंत इथे बोट ठेवतात आणि म्हणतात, कोणते पुस्तक पवित्र हे चर्चने ओळखले, मग त्याचा अर्थही चर्चनेच सांगायला नको का? युक्तिवाद हलका नाही. त्याला उत्तर देताना प्रोटेस्टंट म्हणतात की चर्चने पुस्तकाला अधिकार दिला नाही, पुस्तकात आधीपासून असलेला अधिकार फक्त मान्य केला.

मार्टिन ल्यूथर १५२१च्या एप्रिलमध्ये वर्म्सच्या सभेपुढे उभे राहिले तेव्हा त्यांनी हीच रेघ ओढली. पोप चुकू शकतात, धर्मपरिषदा चुकल्या आहेत. शास्त्रवचनाने किंवा स्पष्ट तर्काने मला चूक दाखवा, तरच मी माझे लिखाण मागे घेईन, असा त्यांचा पवित्रा होता. पुढच्याच वर्षी त्यांनी केलेला नव्या कराराचा जर्मन अनुवाद छापून निघाला. यावर कॅथलिक चर्चचे उत्तर १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेत आले. शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा यांना सारख्याच आदराने स्वीकारायचे, आणि शास्त्राचा अर्थ लावण्याचा अखेरचा हक्क चर्चचा, असे तिथे ठरले. १५६४च्या नियमांनुसार तर लोकभाषेतले बायबल वाचायलाही धर्माधिकाऱ्याची लेखी परवानगी लागू लागली.

आपल्याकडे या निर्णयाची एक सुंदर खूण शिल्लक आहे. गोव्यात इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी नवख्रिस्ती लोकांसाठी मराठीत ग्रंथ रचला, तो बायबलचा अनुवाद नव्हता. ते होते ‘ख्रिस्तपुराण’: जवळपास अकरा हजार ओव्या, १६१६ साली राचोलच्या छापखान्यात छापलेल्या. आदामापासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची सारी कथा त्यात आहे, पण ती एका अधिकारी कथनकाराने सांगितलेली, चर्चच्या परवानगीने प्रसिद्ध झालेली. लोकांनी ती देवळात बसून ऐकायची. पुराणश्रवणाची सवय असलेल्या समाजाला हे रूप परके वाटले नाही. उलट दोनशे वर्षांनी, १८११ साली, सेरामपूरहून विल्यम कॅरी यांच्या मंडळींनी मराठी नवा करार मोडी लिपीत छापून काढला, तेव्हा त्यामागची श्रद्धा वेगळी होती. पुस्तक माणसाच्या हातात द्या, वचन आपले काम करील, असे त्यांना वाटे. तिथे कथनकार मधून बाजूला झाला होता.

रमाबाई ज्या अँग्लिकन चर्चमध्ये गेल्या, त्या चर्चने या दोन टोकांच्या मधे आपली जागा धरली होती. त्याची १५७१ची एकोणचाळीस धर्मकलमे वाचली म्हणजे रमाबाईंचा वाद कुठून उगवला ते लख्ख दिसते. सहावे कलम सांगते की तारणासाठी जे आवश्यक ते सारे पवित्र शास्त्रात आहे. त्यात जे नाही, किंवा त्यावरून जे सिद्ध होत नाही, ते मानण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही. विसावे कलम सांगते की श्रद्धेच्या वादात चर्चला अधिकार आहे, मात्र शास्त्राविरुद्ध काही ठरवण्याचा नाही. आठवे कलम प्रेषितांचा, नायसियाचा आणि अथानासियसच्या नावाचा असे तीन मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरीव विधाने, स्वीकारायला सांगते, कारण ते शास्त्रावरून सिद्ध होतात. या तीन कलमांत रमाबाई आणि त्यांच्या आजीबाई, दोघींनाही आपापली बाजू सापडू शकते. वाँटेजचा मठ १८४८ साली स्थापन झाला, तो १८३३ पासून ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेल्या चळवळीच्या प्रभावात. चर्चची प्राचीन परंपरा, बिशपांची अखंड साखळी, संस्कारविधींचे पावित्र्य यांवर या चळवळीचा भर होता. साहजिकच तिथल्या भगिनी विसाव्या कलमावर टेकून उभ्या होत्या, तर रमाबाईंनी सहावे धरले.

का धरले, ते त्यांच्या आयुष्यात मागे गेल्याशिवाय कळत नाही.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्याबद्दल त्यांना उडुपीला धर्माधिकाऱ्यांपुढे जाब द्यावा लागला. अनंतशास्त्र्यांनी ग्रंथांतले आधार गोळा करून स्त्रियांना वेदाव्यतिरिक्त संस्कृत विद्या शिकवायला शास्त्राची आडकाठी नाही हे दाखवून दिले. समाजाच्या रूढीविरुद्ध त्यांनी ग्रंथच पुढे केला. १८५८ साली गंगामूळच्या रानात जन्मलेली त्यांची धाकटी मुलगी याच वातावरणात वाढली. आईने तिला पहाटे उठवून भागवत पाठ करून घेतले. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून, देवळांत पुराण वाचून पोट भरू लागले. श्रोत्यांना संस्कृत कळो न कळो, कानावर पडले की पुण्य, अशी त्यामागची समजूत. वाचणाऱ्याला धान्य, पैसे, वस्त्र मिळे. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देशभर भटकत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले आणि तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

तिथेच ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचायला सांगितले. वडिलांनी सारे शिकवले होते, वेद मात्र वगळून. स्त्रीला तो अधिकार नाही ही मर्यादा उडुपीला बंडखोर ठरलेल्या अनंतशास्त्र्यांनीही ओलांडली नव्हती. रमाबाईंनी ती ओलांडली. त्याच काळात स्त्रियांपुढे व्याख्याने द्यायची म्हणून त्यांनी धर्मशास्त्रे बारकाईने वाचली. त्यांच्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की इतर बाबतींत एकमेकांशी न जुळणारे हे ग्रंथ स्त्रिया आणि शूद्र यांच्या हीनत्वाबद्दल मात्र एकमुखाने बोलतात, असे त्यांना आढळले. त्यांची जुनी श्रद्धा तिथे ढासळली. कोणी मिशनरी येण्याआधी, मूळ ग्रंथ स्वतः वाचून. हे लक्षात ठेवायला हवे, कारण रमाबाईंच्या धर्मांतराबद्दल लिहिताना ही पायरी बहुतेक वेळा गाळली जाते.

पुढचे सारे वेगाने घडले. भाऊ गेला; बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला; आसामात सिलचरच्या घरी नवऱ्याच्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत हाती लागली; मुलगी झाली; १८८२ साली पटकीने नवरा गेला. पुण्यात आल्यावर त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. तिथे त्यांची गाठ पडली ती फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्याशी. हे पूर्वाश्रमीचे काशीचे नीळकंठशास्त्री, १८४८ साली ख्रिस्ती झालेले आणि अँग्लिकन चर्चच्या परंपरानिष्ठ शाखेतले. इंग्लंडला गेल्यावर त्यांच्याच लेखनाने रमाबाईंच्या बऱ्याच बौद्धिक शंका मिटल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्यामागे दुसरेही एक कारण होते आणि ते तर्काचे नव्हते. भगिनींनी रमाबाईंना लंडनजवळच्या फुलम इथले त्यांचे सेवाकेंद्र पाहायला नेले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळले जात होते. हिंदुस्थानात असे काही रमाबाईंनी पाहिले नव्हते. तुम्ही या बायकांची एवढी काळजी का घेता, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई, पाच नवरे झालेली, परक्या आणि तुच्छ मानलेल्या जमातीतली. तिच्याशी येशू बोलतो, तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. रमाबाईंना जे बायबल पटले ते इथे पटले. शास्त्रवचनाचा अधिकार मतांगीकाराच्या वाक्यांत दिसण्याआधी त्यांना तो एका घराच्या रोजच्या कारभारात दिसला. कोणत्याही धर्मग्रंथाबद्दल मनापासून विचार करणाऱ्याने या प्रसंगापाशी थांबावे असे मला वाटते. त्या भगिनी पुढे अथानासियसच्या मतांगीकारावरून रमाबाईंशी वर्षभर भांडल्या आणि त्यांना हलवू शकल्या नाहीत. योहानाच्या एका अध्यायाने मात्र ते काम एका भेटीत केले होते.

भांडण मुख्यतः त्रैक्यावरून होते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन असून एकच देव, हा सिद्धान्त बायबलात सूत्ररूपाने कुठे सांगितलेला नाही. तो अनेक वचनांच्या आधारे चौथ्या-पाचव्या शतकांतल्या परिषदांनी मांडला. अथानासियसच्या नावाचा मतांगीकार तर अथानासियसनी लिहिलेलाही नाही. तो नंतरचा, लॅटिन भाषेतला. जो ही श्रद्धा संपूर्ण पाळत नाही त्याचा नाश होईल, असे त्यात बजावले आहे. रमाबाईंचे म्हणणे होते की एकच देव हे शास्त्रात स्पष्ट आहे, ख्रिस्ताद्वारे तारण हेही आहे. पण हे बारीक कातलेले सूत्र मानले नाही तर नाश, हे शास्त्रात कुठे आहे ते दाखवा. मनोरमेला काय शिकवायचे यावरूनही खटके उडाले. लेकीला न समजणारे सिद्धान्त तिच्याकडून वदवून घेऊ नयेत, असा आईचा आग्रह होता.

त्या वेळच्या इंग्लंडमध्ये हा वाद केवळ एका परदेशी विद्यार्थिनीचा नव्हता. १८८१ साली इंग्रजी नव्या कराराची सुधारित आवृत्ती आली होती. जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास करून विद्वानांनी योहानाच्या पहिल्या पत्रातले, पाचव्या अध्यायाचे एक प्रसिद्ध वाक्य वगळले होते. स्वर्गातल्या तीन साक्षींचे ते वाक्य त्रैक्याचा सर्वांत सरळ पुरावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दाखवले जाई. प्राचीन ग्रीक प्रतींत ते नव्हतेच. मागाहून लॅटिनमधून शिरले होते. त्रैक्याचा सिद्धान्त त्या एका वाक्यावर उभा नाही, म्हणून तो त्यामुळे कोसळला नाही. पण सामान्य ख्रिस्ती माणसाला धक्का बसला. शास्त्र प्रमाण असेल, तर शास्त्र नेमके कोणते, हे तपासण्याचे कामही आता वाचकाच्या दारात आले होते.

रमाबाई जिथे शिकत होत्या त्या चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी या काळात रमाबाईंशी जो पत्रव्यवहार केला तो वाचताना त्यांच्याबद्दल आदर वाटतो. त्या स्वतः श्रद्धाळू अँग्लिकन होत्या. पण विचारणाऱ्या माणसाला दरडावून गप्प करता येत नाही हे त्यांना कळत होते. सिस्टर जेराल्डिन यांची बाजूही मला क्षुल्लक वाटत नाही. शिष्येने आपल्याच बुद्धीला न्यायाधीश केले तर उद्या ती कुठेही भरकटेल, ही त्यांची भीती खरी होती. आणि इंग्लंडला येताच ख्रिस्ती पंथांचा बाजार पाहून रमाबाई स्वतःही गोंधळल्या होत्या. प्रत्येक पंथ बायबलाचाच आधार देत होता आणि प्रत्येकाचे म्हणणे निराळे होते. स्वतंत्र वाचनाचा परिणाम फाटाफुटीत होतो, हे त्यांना पुस्तकातून कळायची गरज उरली नव्हती. तरीही या दोघींच्या वादात सत्तेची एक बाजू होती, ती विसरून चालत नाही. रमाबाईंनी मुलग्यांना शिकवावे असा विचार निघाला तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांचे मत घेतले गेले आणि स्त्रीने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणे हिंदुस्थानच्या दृष्टीने अनुचित, असे त्यांनी कळवले. देशभर पुरुषांच्या सभांपुढे संस्कृतात बोलून आलेल्या बाईला हे ऐकवले जात होते. अर्थ सांगण्याचा हक्क आणि वागणुकीवर पहारा ठेवण्याचा हक्क एकाच हातात असतात, याचा अनुभव रमाबाई आयुष्यात दुसऱ्यांदा घेत होत्या.

हा सारा पत्रव्यवहार जपला आणि संकलित केला तो सिस्टर जेराल्डिन यांनीच. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो प्रसिद्ध केला, संपादन अ. भि. शहा यांचे. ख्रिस्ती धर्मशास्त्राचे मराठी माणसाच्या संदर्भातले इतके जिवंत दस्तऐवज फार थोडे असतील, आणि ते मराठी वाचकांत अजून पुरेसे पोहोचलेले नाहीत याची मला हळहळ वाटते.

पुढे ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल रमाबाईंचा विश्वास दृढ झाला. पण तो आज्ञेने झाला नाही. त्या अमेरिकेला गेल्या, परतल्या, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवले. विधवांच्या या शाळेत धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळायची असे ठरले होते. रमाबाईंनी कोणा मुलीला बायबल वाचायला बोलावले नाही. मात्र स्वतःच्या खोलीत मुलीसह प्रार्थना करताना, वाचन करताना त्या दार उघडे ठेवत. मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ उठला आणि १८९३ साली रानडे, भांडारकर अशा सल्लागारांनी राजीनामे दिले. दार लावून घेतले असते तर संस्था बहुधा वादाविना चालली असती. ते त्यांनी लावले नाही. सल्लागारांना वाटणारी फसवणुकीची भावना समजण्यासारखी आहे, कारण मुलींच्या पालकांना त्यांनीही शब्द दिला होता. पण रमाबाईंच्या लेखी शास्त्राचा अधिकार हा रविवारच्या उपासनेपुरता नव्हता. ज्याच्या आधारावर दिवस सुरू होतो ते लपवून वाचायचे, ही कल्पनाच त्यांना सोसणारी नव्हती.

रमाबाईंनी पुढे केडगावला उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये हा अधिकार रोजच्या जगण्यात कसा उतरला, ते पाहण्यासारखे आहे. १८९६-९७च्या आणि १९००च्या दुष्काळांत रमाबाईंनी मध्य प्रांत आणि गुजरातेतून शेकडो मुली-बायका आणल्या. शेती, विणकाम, गोठा, छापखाना, शाळा हे सारे त्या चालवू लागल्या. फुलममध्ये पाहिलेल्या घराची आठवण ठेवून त्यांनी फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ काढले. योहानाचा चौथा अध्याय इथे दगडमातीत उभा राहिला. वाचायला शिकणे हा मुक्तीतल्या जीवनाचा गाभा होता, कारण ज्या श्रद्धेत ग्रंथ स्वतः वाचायचा असतो तिथे अक्षरओळख ही उपासनेचीच पूर्वतयारी ठरते. जगभरच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांनी जिथे जिथे शाळा काढल्या त्यामागे ही निकड होती.

१९०५ साली मुक्तीत मोठे आध्यात्मिक जागरण झाले. मुली रडत, मोठमोठ्याने प्रार्थना करत. काहीजणी अनोळखी भाषांत बोलू लागल्या. अनेक मिशनऱ्यांना हा उन्माद वाटला. रमाबाईंपुढे आता वेगळाच पेच होता, कारण चर्चच्या आज्ञेइतकाच आतला अनुभवही ग्रंथावर कुरघोडी करू शकतो. त्यांनी हे जागरण दडपले नाही. पण प्रत्येक विश्वासणाऱ्याने अशा भाषा बोलल्याच पाहिजेत असेही मानले नाही, आणि कसोटी पुन्हा नव्या कराराचीच लावली. तिथे पौल या दानांचा उल्लेख करतो, त्यांना शिस्त लावतो आणि प्रीतीला त्यांच्या वर बसवतो.

याच सुमारास त्यांनी अखेरचे आणि सर्वांत कष्टाचे काम हाती घेतले. मराठीत बायबल उपलब्ध होते. अमेरिकन मिशन आणि बायबल सोसायटी यांनी एकोणिसाव्या शतकात ते घडवले आणि सुधारले होते. पण ते बऱ्याच ठिकाणी संस्कृतप्रचुर होते आणि मुक्तीतल्या, नुकत्याच वाचायला शिकलेल्या शेतकरी बायकांना जड जाई. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतले आणि संपूर्ण बायबल, जुना करार आणि नवा करार, सोप्या मराठीत आणले. सुमारे अठरा वर्षे हे काम चालले. खिळे जुळवले ते मुक्तीच्या छापखान्यात, स्त्रियांनी. १९२१ साली मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. चर्चमध्ये बायबल सोसायटीचेच भाषांतर चालू राहिले आणि रमाबाईंची प्रत मुख्यतः मुक्तीत आणि अभ्यासकांच्या हाती उरली. विद्वत्तेच्या दृष्टीने तिच्यात उणिवा काढता येतील. एवढे मोठे काम एकट्या माणसाने करावे का, असाही प्रश्न आहे, कारण समितीत एकाची चूक दुसरा पकडतो. पण जिच्या आईला संस्कृत शिकवल्याबद्दल वडिलांना जाब द्यावा लागला होता, जिला वेद शिकवला गेला नाही, आणि जिने मुलग्यांना शिकवू नये असे बिशपांनी ठरवले होते, तिने कोणाची परवानगी न मागता मूळ हिब्रूला हात घातला.

रमाबाईंच्या समकालीन नारायण वामन टिळकांनी वेगळी वाट काढली. १८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, मत्तयाच्या पाचव्या अध्यायापासूनचे डोंगरावरचे प्रवचन वाचून ते भारावले आणि १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांनी ते वचन अभंगांत आणि कीर्तनांत आणले. आज मराठी प्रोटेस्टंट मंडळींत रविवारी जे गायले जाते त्यात टिळकांचा वाटा फार मोठा आहे, आणि अनेक घरांत शास्त्रवचनापेक्षा गाण्याची ओळच अडचणीच्या वेळी आधी आठवते. घरची संध्याकाळची प्रार्थना, आजारी माणसाच्या उशाशी वाचलेले स्तोत्र, लग्नात दिलेली बायबलची प्रत, दफनाच्या वेळचे वाचन, या सगळ्यांत ग्रंथ आणि गायन एकमेकांत मिसळून येतात.

कॅथलिक बाजूही ट्रेंटपाशी थांबली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५च्या नोव्हेंबरात देवाच्या प्रकटीकरणाविषयीचा दस्तऐवज संमत केला. अर्थ लावण्याचा चर्चचा अधिकार त्यात कायम आहे, पण तो वचनाच्या वर नसून वचनाची सेवा करणारा आहे असे म्हटले आहे, आणि सर्व ख्रिस्तजनांना शास्त्रवाचनाची वाट मोकळी असावी असे सांगितले आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ याच मोकळ्या झालेल्या वाटेवरचे. त्याला २०१३चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकांनीही ते घरी नेले.

स्त्रियांचा प्रश्न मात्र दोन्हीकडे धगधगता राहिला. करिंथच्या मंडळीला लिहिताना पौल स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असे म्हणतो. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात स्त्रीने पुरुषाला शिकवू नये असे आहे. त्याच पौलाच्या नावावर रोमकरांस पत्राच्या शेवटी फीबी या सेविकेची शिफारस आहे, आणि गलतीकरांच्या पत्रात ख्रिस्तात स्त्री-पुरुष हा भेद उरत नाही असे म्हटले आहे. कोणते वचन त्या विशिष्ट मंडळीपुरते आणि कोणते सर्वकाळासाठी, हे वचन स्वतः सांगत नाही. कॅथलिक चर्च आजही स्त्रियांना पुरोहितदीक्षा देत नाही. अनेक प्रोटेस्टंट चर्च देतात, काही देत नाहीत. आणि सगळे बायबलच उघडून दाखवतात. केडगावला या वादाचा निकाल लागण्याची वाट कोणी पाहिली नाही. तिथे उपासना रमाबाईच चालवत, उपदेशही करत, आणि मुक्तीतल्या बायकांच्या टोळ्या आसपासच्या गावांत जाऊन झाडाखाली, ओसरीवर शुभवर्तमान वाचून दाखवत आणि ऐकणाऱ्यांच्या प्रश्नांना त्यांना सुचतील तशी उत्तरे देत.